अतिदक्षता विभागातील लवकर हालचाल आणि आतड्याची चाल

अतिदक्षता विभागात दाखल झालेल्या रुग्णाच्या प्रकृतीचा अंदाज सामान्यतः हृदय, फुप्फुसे, मूत्रपिंडे आणि मेंदू यांवरून बांधला जातो, कारण या इंद्रियांची मोजमापे पडद्यावर क्षणोक्षणी दिसत असतात किंवा रोजच्या रक्त-लघवीच्या तपासण्यांत उतरत असतात. स्नायू आणि आतडी यांना असा पडदा नाही. रुग्ण जगणार हे निश्चित झाल्यावर जे दुखणे आठवडेच्या आठवडे मागे रेंगाळते ते मात्र बहुतेक वेळा या दोहोंचेच असते: हातापायांत त्राण नसते, आणि अन्न पोटात ठरत नाही किंवा पोटातून पुढे सरकत नाही. फिजिओथेरपिस्ट म्हणून अतिदक्षता विभागात घालवलेल्या वर्षांतून प्रस्तुत लेखिकेच्या हाती जे लागले त्याचा गाभा असा, की रुग्णाला उठवणे आणि त्याचे पोट चालते करणे ही दोन वेगळ्या खात्यांची कामे मानली जात असली तरी खाटेपाशी ती एकमेकांत गुंतलेली असतात, आणि त्यांचा परस्परसंबंध रूढ समजुतीइतका सरळ नाही.

लवकर हालचाल याचा अर्थ रुग्णाला घाईने चालवणे असा नव्हे. रक्तदाब आणि श्वसन काहीसे स्थिरावताच, व्हेंटिलेटर चालू असतानाही, सुरू केलेल्या क्रमवार हालचालींना ही संज्ञा आहे: आधी खाटेवरच हातपाय हलवणे, मग कुशीवर वळणे, मग खाटेच्या कडेला पाय खाली सोडून बसणे, उभे राहणे, खुर्चीत बसणे आणि शेवटी चालणे. ही प्रगती नोंदवण्यासाठी ० ते १० अशी एक मोजपट्टी वापरली जाते, जिच्यात ० म्हणजे रुग्ण स्वतः काहीच करीत नाही, ३ म्हणजे तो खाटेच्या कडेला बसतो, ४ म्हणजे उभा राहतो आणि १० म्हणजे कोणत्याही आधाराशिवाय चालतो. ३ पासून ४ पर्यंतचे अंतर कागदावर एका आकड्याचे असते. पण त्यासाठी आठवडा खर्ची पडलेले रुग्ण प्रत्येक विभागात सापडतात.

गंभीर रुग्णाने निश्चल पडून राहावे ही कल्पना अतिदक्षता विभागाच्या जन्मापासूनची नाही. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली तेव्हा भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांच्या सूचनेवरून रुग्णांच्या गळ्याला छिद्र पाडून हाताने पिशवी दाबून श्वास देण्यात आला, आणि त्या कामी सुमारे १५०० विद्यार्थी पाळीपाळीने राबले. त्या रुग्णांपैकी अनेक जण पूर्ण शुद्धीवर होते. त्याआधीच, १९४७ साली, रिचर्ड ॲशर या इंग्रज डॉक्टरांनी अंथरुणात पडून राहण्याचे धोके एकेका इंद्रियानुसार मांडले होते आणि त्यांत पचनमार्गाचाही समावेश होता. पुढे यंत्रे अधिक गुंतागुंतीची झाली, गुंगीची औषधे सहज उपलब्ध झाली, आणि गाढ झोपवलेला, हात बांधलेला, उताणा रुग्ण हेच अतिदक्षता विभागाचे नेहमीचे दृश्य झाले. असा रुग्ण शांत वाटतो, नातेवाइकांनाही त्याला पाहून बरे वाटते. आत मात्र स्नायू झपाट्याने झिजत असतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, ६३ रुग्णांच्या एका अभ्यासात मांडीचा पुढचा स्नायू अल्ट्रासाउंडने मोजला असता, दहा दिवसांत त्याचे छेदक्षेत्र सरासरी १७.७ टक्क्यांनी घटलेले आढळले. हातापायांच्या बारा स्नायूसमूहांची ताकद तपासून ६० पैकी गुण दिले जातात आणि ४८ पेक्षा कमी गुण मिळाल्यास त्या अवस्थेला अतिदक्षता विभागात जडलेला अशक्तपणा असे मानतात. रुग्ण डोळे उघडून भानावर येतो आणि त्याला चमचाही उचलता येत नाही, तेव्हा या आकड्याचा खरा अर्थ कुटुंबाला कळतो.

आतड्याचे मंदावणे याहून कमी दिसणारे असते. निरोगी माणसाच्या पोटात, जेवण नसताना, दर दीड ते दोन तासांनी आकुंचनाची एक लाट जठरापासून लहान आतड्याच्या टोकापर्यंत जाते आणि उरलेसुरले अन्न, स्राव व जिवाणू पुढे ढकलते. गंभीर आजारात ही लाट विस्कळीत होते. शरीराचा ताण वाढला की आतड्याला जाणारा रक्तपुरवठा आखडतो; वेदनाशमनासाठी दिलेली फेंटानिल, मॉर्फिनसारखी औषधे आतड्याच्या भिंतीतील चेतापेशींवर बसून तिची हालचाल थोपवतात; रक्तातील पोटॅशियम उतरले, साखर चढली, किंवा सलाइन जास्त होऊन आतड्याच्या भिंतीला सूज आली, तरी परिणाम तोच होतो. मग नाकातून जठरात घातलेल्या नळीने, म्हणजे राईल्स ट्यूबने, दिलेले फीड जठरातच साठून राहते, पोट फुगते, श्वासपटल वर ढकलले जाते आणि श्वास उथळ होतो. श्वास उथळ झाला की व्हेंटिलेटर सुटण्याचे लांबते, आणि व्हेंटिलेटर लांबला की स्नायू आणखी झिजतात.

शस्त्रक्रियेच्या वॉर्डात पूर्वापार चालत आलेला एक सल्ला आहे: पेशंटला चालवा, म्हणजे पोट सुटेल. फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांना तो इतक्या लवकर ऐकवला जातो की तो तपासून पाहण्याचे कोणाच्या मनात येत नाही. या सल्ल्याला पहिला धक्का देणारे वाचन म्हणजे १९९० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक शोधनिबंध होय, ज्यात पोट उघडून शस्त्रक्रिया झालेल्या ३४ रुग्णांच्या पचनमार्गाला विद्युत्-हालचाल टिपणाऱ्या बारीक तारा जोडून, काहींना पहिल्या दिवसापासून आणि इतरांना चौथ्या दिवसापासून चालवण्यात आले, तरी आतडे पूर्वपदावर येण्याच्या वेळेत फरक आढळला नाही. चालण्याचे इतर फायदे अबाधितच राहतात, परंतु चालणे हा आतड्याला सुरू करणारा खटका आहे हे गृहीतक त्यातून डळमळीत झाले. ज्या कामाचे समर्थन आपण रोज नातेवाइकांपुढे याच शब्दांत करतो, त्याचा पाया असा हलल्यावर त्या कामाकडे नव्याने पाहणे भाग पडले, आणि या लेखातील बहुतेक निरीक्षणे त्या नव्या पाहण्यातून आलेली आहेत.

आतड्याला छिद्र पडून पोटात पू झालेल्या एका शेतमजुराचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. शस्त्रक्रियेनंतर पाचव्या दिवशीही त्याचे पोट ढोलासारखे फुगलेले होते आणि नळीतून हिरवट पाणी येत होते. शल्यचिकित्सकांचा आग्रह त्याला उभे करावे असा होता. कडेला बसवण्याची तयारी सुरू झाली तेव्हा असे लक्षात आले की तो आज्ञा पाळण्याइतका जागाच नाही, म्हणून फेंटानिलची मात्रा उतरवून वेदनेसाठी पाठीच्या कण्यातील नळीतून बधिरीकरणाचे औषध देण्यात आले. उभे राहताना हृदयाची गती अनियमित होऊ नये म्हणून पोटॅशियम तपासले गेले, ते कमी निघाले आणि भरून काढले गेले. पायांवर सूज असल्याने सलाइन आखडते घेतले गेले. दुसऱ्या दिवशी तो खाटेच्या कडेला बसला, ढेकर आली, आणि संध्याकाळी वारा सरला. वॉर्डातील सर्वांनी त्याचे श्रेय बसवण्याला दिले. पण क्रम नीट पाहिला तर बसवण्यासाठी जे जे करावे लागले तेच आतड्यालाही हवे होते. उठू शकणारा रुग्ण आणि चालणारे आतडे या दोहोंना अडवणारी कारणे बव्हंशी समान आहेत, आणि हालचालीचा आग्रह धरल्यामुळे ती कारणे शोधली जातात, हे हालचालीचे फारसे न सांगितले जाणारे मोल आहे.

याच कारणाने गुंगीचे औषध कमी करणे हा हालचालीच्या कार्यक्रमाचा पहिला भाग ठरतो. २००० साली शिकागोत १२८ रुग्णांवर झालेल्या चाचणीत रोज एकदा गुंगीचे औषध थांबवून रुग्णाला जागे केल्यावर व्हेंटिलेटरचा काळ साधारण सात दिवसांवरून पाच दिवसांवर आला. २००९ साली १०४ रुग्णांच्या दुसऱ्या चाचणीत अशा जागे करण्याला पहिल्या दिवसांपासून व्यायामाची जोड दिली असता, रुग्णालयातून घरी जाताना स्वतःची कामे स्वतः करू शकणारे रुग्ण ३५ टक्क्यांवरून ५९ टक्क्यांवर गेले. या चाचण्यांत आतड्याची हालचाल हा मोजण्याचा विषय नव्हता. पण ज्यांनी असे रुग्ण हाताळले आहेत त्यांना जागा रुग्ण, उठता रुग्ण आणि फीड पचवणारा रुग्ण हे तिघे पुष्कळदा एकच असल्याचे ओळखीचे वाटेल.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाला जवळ असलेल्या रुग्णालयांत कीटकनाशकाच्या विषबाधेचे रुग्ण नेहमी येतात, आणि आतडे व स्नायू यांचे नाते तिथे विलक्षण स्पष्ट दिसते. ऑर्गनोफॉस्फरस गटातील विषामुळे आतडी अतिरिक्त हालू लागतात, जुलाब होतात, तोंडाला फेस येतो. त्यावरचे ॲट्रोपिन हे औषध नेमके उलट काम करते आणि जास्त झाले तर आतडे ठप्प करते. पोटावर स्टेथोस्कोप ठेवून आतड्याचे आवाज ऐकणे हा ॲट्रोपिनची मात्रा जोखण्याचा एक भाग असतो. आवाज पूर्ण थांबले, अंगात ताप भरला आणि रुग्ण बरळू लागला तर औषध जास्त झाले असे समजतात. याच रुग्णांत विष पोटात गेल्यापासून साधारण एक ते चार दिवसांत स्नायूंचा दुसरा घात होऊ शकतो, ज्याचे वर्णन १९८७ साली श्रीलंकेतील डॉक्टरांनी केले, आणि ज्याची सुरुवातीची खूण म्हणजे रुग्णाला उशीवरून मान उचलता न येणे. ही खूण बहुधा सकाळच्या व्यायामात सापडते. एका तरुण शेतकऱ्याचा श्वास आदल्या दिवशी उत्तम होता, श्वासाची नळी काढण्याचा बेत ठरला होता, आणि सकाळी ‘दादा, मान उचला’ असे म्हटल्यावर त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या, जबडा आवळला गेला, पण डोके उशीवरून रेसभरही वर आले नाही. त्याच वेळी त्याचे पोट ताणलेले आणि निःशब्द होते. नळी काढणे लांबणीवर पडले, ॲट्रोपिन उतरवले गेले, फीडचा वेग कमी केला गेला. त्या दिवशी व्यायाम फक्त कुशीवर वळवण्यापुरता झाला, आणि तेवढाच योग्य होता.

हालचाल आणि अन्न यांच्यातला उघड संघर्ष मात्र घड्याळाचा असतो. सलग फीड देणारा पंप फिजिओथेरपीपूर्वी अर्धा तास बंद ठेवायचा, नंतर अर्धा तास थांबून सुरू करायचा, ही पद्धत अनेक ठिकाणी रुळलेली आहे. अंग पुसताना पंप बंद, सीटी स्कॅनला नेताना बंद, नळीची जागा तपासेपर्यंत बंद. आणि एकदा बंद केलेला पंप पाळी बदलण्याच्या गडबडीत तासन्‌तास तसाच राहतो. एका विभागात एका ज्येष्ठ सिस्टरांनी कोणालाही न सांगता तक्त्याच्या मागच्या बाजूला पंप बंद आणि सुरू झाल्याच्या वेळा लिहून ठेवल्या, आणि आठवड्याच्या अखेरीस तो कागद राऊंडमध्ये पुढे केला. ठरवलेल्या आहारातला मोठा हिस्सा रुग्णांपर्यंत पोहोचतच नव्हता, आणि त्या बंद वेळेचा बराच भाग व्यायामाच्या नावावर होता. ज्या स्नायूंना काम द्यायचे त्यांचाच घास काढून घेतला जात होता, हे त्या कागदावर कोणालाही वाचता येण्याजोगे होते.

त्यानंतर त्या विभागात पद्धत बदलली. बसणे ही फीड चालू असलेल्या रुग्णासाठी सर्वांत सुरक्षित स्थिती आहे. १९९९ साली बार्सिलोनात झालेल्या ८६ रुग्णांच्या चाचणीत धड ४५ अंश उंच ठेवलेल्या रुग्णांत न्यूमोनिया उताण्या झोपलेल्यांपेक्षा बराच कमी आढळला होता. तेव्हा बसवण्यासाठी पंप थांबवण्याचे कारण उरत नाही, थांबवायचा तो खाट सपाट करतानाच. जठरात साठलेले फीड दर काही तासांनी सिरिंजने ओढून मोजण्याची प्रथाही अशीच सैल झाली, कारण २०१३ साली फ्रान्समध्ये ४४९ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात हे मोजमाप न केल्याने न्यूमोनिया वाढला नाही, उलट अधिक रुग्णांना पुरेसे उष्मांक मिळाले. मात्र खाटेचे डोके उंच असणे आणि रुग्ण बसलेला असणे यांत फरक आहे, आणि तो खाटेपाशी उभे राहिल्याशिवाय कळत नाही. डोके उंच केलेल्या खाटेवर रुग्ण तासाभरात खाली घसरतो, कंबरेऐवजी छातीपाशी वाकतो, आणि पोटाची घडी होऊन जठर दाबले जाते. कडेला बसलेल्या रुग्णाचे तसे नसते: एक सिस्टर श्वासनळी आणि तिला जोडलेल्या पाइपांकडे पाहते, वॉर्डमधले मामा पाठीमागे गुडघा टेकून धड सावरतात, फिजिओथेरपिस्ट समोर खाली बसून रुग्णाचे गुडघे धरते, पावले पाटावर सपाट टेकवली जातात, आणि मान सरळ झाली की पोट प्रथमच पुढे मोकळे सुटते. या स्थितीत ढेकर येणे इतके सामान्य आहे की अनुभवी मावशी टॉवेल आधीच हाताशी ठेवतात.

इथवरच्या वर्णनावरून जितके लवकर आणि जितके जास्त तितके चांगले असा निष्कर्ष निघत असेल तर तो धोक्याचा आहे. २०२२ साली सहा देशांतील ७५० रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीत रोज सरासरी २१ मिनिटे हालचाल मिळालेल्या गटाला, सुमारे ९ मिनिटे मिळालेल्या गटापेक्षा, सहा महिन्यांत जिवंत आणि रुग्णालयाबाहेर राहण्याच्या दिवसांत कोणताही लाभ झाला नाही, आणि हालचालीमुळे झालेले अपाय ९.२ टक्के विरुद्ध ४.१ टक्के असे अधिक होते. आहाराच्या बाजूनेही तसेच. २०१८ साली फ्रान्समधील २४१० रुग्णांच्या चाचणीत रक्तदाब टिकवण्यासाठी औषधे चालू असलेल्या रुग्णांना सुरुवातीपासून पूर्ण मात्रेत नळीने अन्न दिले असता, शिरेतून पोषण दिलेल्यांपेक्षा आतड्याचा रक्तपुरवठा तुटण्याचे प्रकार अधिक आढळले. आतड्याला रक्त कमी मिळत असताना त्याच्यावर पचनाचे काम लादणे आणि त्याच वेळी पायांच्या स्नायूंनी रक्ताची मागणी करणे, ही दोन्ही ओझी एकाच तुटपुंज्या साठ्यावर पडतात.

रक्तात जंतुसंसर्ग झालेल्या एका वृद्धाच्या बाबतीत हे फार जवळून दिसले. रक्तदाब औषधावर स्थिर होता, आजोबा जागे होते, मुलगा आणि सून दोघांनाही त्यांना खुर्चीत बसलेले पाहायचे होते, आणि व्यायामाच्या सुरक्षिततेचे सर्व ठरावीक निकष पूर्ण होत होते. पंपाजवळ उभ्या असलेल्या तरुण सिस्टरांनी मात्र थांबवले. त्यांचे म्हणणे एवढेच होते की रात्रीपासून रक्तदाबाचे ते औषध, नॉरॲड्रेनॅलिन, थोडे थोडे वाढवावे लागत आहे आणि काल मऊ असलेले पोट आज हाताला घट्ट लागते. खुर्ची मागे नेली गेली, फीड थांबले, रक्तातील लॅक्टेट पाहिले तर ते चढत होते. आजोबांचे आतडे वेळीच सावरले. हालचालीपूर्वीच्या तपासणीत नाडी, रक्तदाब, प्राणवायू, भान हे सारे येते, परंतु पोटावर तळहात ठेवणे क्वचितच येते. त्या सकाळनंतर प्रस्तुत लेखिकेच्या तपासणीत ते पहिल्या क्रमांकावर गेले. मऊ पोट हा पुढे जाण्याचा परवाना नव्हे, पण आदल्या दिवसापेक्षा घट्ट झालेले पोट हे थांबण्याचे पुरेसे कारण आहे.

शौच हा या सर्व चर्चेतील सर्वांत उपेक्षित भाग आहे, आणि प्रस्तुत लेखिकेच्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा. फीड किती गेले याची नोंद तासागणिक होते. शौचाला झाली की नाही हा प्रश्न चौथ्या-पाचव्या दिवशी कोणाला तरी आठवतो. उताण्या स्थितीत मलविसर्जन शरीररचनेच्याच विरुद्ध असते, कारण गुदाशय आणि गुदद्वार यांच्यामधला कोन त्या स्थितीत बंद राहतो आणि मांड्या पोटाकडे वळल्यावरच तो सरळ होतो. भारतीय माणसाला तर जन्मभर उकिडवे बसण्याची सवय असते. त्याला उताणे ठेवून, कंबरेखाली थंड भांडे सरकवून, पडद्यापलीकडे चार माणसे बोलत असताना मोकळे होण्याची अपेक्षा करणे हे वैद्यकीयदृष्ट्या चूक आणि माणूस म्हणून क्रूर आहे.

गियाँ-बारे सिंड्रोम या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच चेतातंतूंवर उलटते आणि पायांपासून वर चढणारा लुळेपणा येतो. पोटाच्या संसर्गानंतर तो पुष्कळदा उद्भवतो, आणि २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात त्याचा उद्रेक झाला तेव्हा काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडल्याने ही साखळी महाराष्ट्रात घरोघरी माहीत झाली. साखळीचा पुढचा दुवा कमी परिचित आहे: लुळेपणा आतड्याच्या चेतातंतूंपर्यंत पोहोचला तर आतडेही निश्चल होते. त्या उद्रेकाच्या कितीतरी आधी या आजाराच्या एका मध्यमवयीन बाईंच्या बाबतीत असेच झाले. गळ्यातील नळीवर व्हेंटिलेटर, हातपाय पूर्ण लुळे, बुद्धी मात्र लख्ख. अनेक दिवस शौचाला झाली नव्हती, औषधे आणि एनिमा देऊन झाले होते. मुळाक्षरांच्या तक्त्यावर एकेका अक्षरावर बोट फिरवायचे आणि योग्य अक्षर आले की त्यांनी पापणी मिटायची, अशा रीतीने त्यांनी जुळवलेले शब्द होते: ‘इथे नाही.’

त्यांना कमोड खुर्चीवर बसवणे हा एक पूर्ण उपक्रम ठरला, कारण या आजारात रक्तदाब स्थिती बदलताच कोसळू शकतो. पायांना पट्ट्या बांधून, खाट टप्प्याटप्प्याने उंच करीत, तीन-चार दिवस केवळ बसण्याची सवय करण्यात गेली. मग सकाळच्या फीडनंतर, जठर भरले की मोठे आतडे आकुंचन पावते या नैसर्गिक प्रतिक्रियेचा उपयोग व्हावा म्हणून, मोजक्या माणसांनी पाळण्याच्या साधनाने उचलून त्यांना खुर्चीत ठेवले. पावलांखाली उंच पाट, समोर टेबलावर उशा, त्यांवर पुढे झुकलेले धड, चारी बाजूंनी पडदा, आणि पडद्याच्या आत फक्त एक सिस्टर. पहिल्या दिवशी काही झाले नाही. दुसऱ्या दिवशी झाले. त्यानंतर पोट उतरले, फीडची मात्रा पूर्ण झाली, आणि व्हेंटिलेटरचा आधार कमी करण्याचे जे प्रयत्न रोज फसत होते ते पुढे सरकू लागले. ताकद तोपर्यंत कणभरही वाढलेली नव्हती. हालचालीच्या मोजपट्टीवर त्या उपक्रमाला जेमतेम दोन गुण मिळाले असते.

कुटुंबीयांच्या मनात दोन परस्परविरोधी भीती एकत्र नांदतात. इतक्या अशक्त माणसाला उठवू नका, ही एक. आणि याच्या पोटात काही नाही, याला काहीतरी द्या, ही दुसरी. शहाळ्याचे पाणी, भाताची पेज, प्रथिनांच्या पावडरचा डबा घेऊन नातेवाईक दारात उभे असतात. प्रथिनांनी स्नायू भरून येतील ही आशा समजण्यासारखी आहे, पण २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या १३०१ रुग्णांच्या चाचणीत प्रथिनांची मात्रा वाढवूनही रुग्ण लवकर घरी गेले नाहीत, आणि मूत्रपिंडे बिघडलेल्यांना तर ती बाधकच ठरली. या काळात कुटुंबाला हालचालीत सामील करून घेणे अधिक हिताचे असते. मुलीने बापाची पावले पाटावर धरली, की उठवू नका हा आग्रह बहुधा तिथेच विरतो, आणि ती दुसऱ्या दिवशी स्वतःच विचारते की बाबांना किती वाजता बसवणार.

घरी सोडण्याच्या वेळी जे प्रश्न विचारले जातात त्यांत औषधे, पथ्य, पुन्हा दाखवण्याची तारीख हे सारे असते. कित्येक रुग्ण महिन्याभराने तपासणीला येतात तेव्हा वजन आणखी उतरलेले असते, आणि जेवण का जात नाही याचे उत्तर भूक लागत नाही असेच मिळते. नीट चौकशी केल्यावर निराळी गोष्ट बाहेर येते: घरातील संडास बैठा आहे, बसल्यावर उठता येत नाही, दोन माणसांनी धरून उठवावे लागते, म्हणून रुग्ण जाण्याचेच टाळतो, आणि जावे लागू नये म्हणून कमी जेवतो, पाणीही कमी पितो. मांडीचे स्नायू, आतडे आणि लाज यांची ही गाठ तपासणीच्या कोणत्याही अहवालात उतरत नाही. म्हणून आता निरोपाच्या आधीच विचारले जाते की घरी संडास कोणत्या प्रकारचा आहे, अंगणात आहे की घरात, आणि धरायला भिंत किती दूर आहे. बैठकीला भोक असलेली प्लास्टिकची खुर्ची त्या भांड्यावर ठेवता येते, तालुक्याच्या गावी मिळते आणि फारशी महाग नसते. भिंतीत गवंड्याकडून एक लोखंडी दांडा बसवून घ्यायचा. खुर्चीवरून हात न टेकता लागोपाठ पाच वेळा उठता येऊ लागले की मग खुर्चीची उंची थोडी कमी करायची, आणि पूर्वीच्या बैठकीपर्यंत यायला कित्येकांना चार-सहा महिने लागतात, हे रुग्णाला आणि घरच्यांना आधीच स्पष्ट सांगायचे.